पुढच्या वेळापत्रकापासून

सरकारी कागद वाचताना त्याचं काळीज आजवर कधी जागचं हललं नव्हतं. कागदाने ज्याचं काळीज हलतं त्याने या खात्यात राहू नये, असंच त्याचं मत होतं. त्या सकाळी मात्र एका परदेशी विमानकंपनीच्या अर्जाचं जोडपत्र उलटताना, शहरांच्या नावांच्या रांगेत, मधेच कुठेतरी, त्याला लेकीचं गाव दिसलं आणि छातीत काहीतरी टुणकन उडालं. तोंडातून ‘अरे!’ही निघून गेलं असावं, कारण शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, “सापडली वाटतं चूक?” “नाही,” तो म्हणाला, “सगळं बरोबर आहे.” हे वाक्य त्याच्या तोंडून इतकं क्वचित निघत असे, की बाईंनी चष्मा काढून खालीच ठेवला. खात्यात त्याला मागून शंकासुर म्हणत. ते त्याला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कुठलीही विमानकंपनी नवा मार्ग मागायला आली की कागद त्याच्या टेबलावरून जात, आणि त्याच्या टेबलावरून सुखासुखी काही जात नाही अशी त्याची ख्याती होती. आता हाच शंकासुर एका शहराच्या नावावर बोट ठेवून शाळकरी पोरासारखा खुदकन हसणार होता. त्याने बोट उचललं, खोकला आल्यासारखं केलं आणि पाणी प्यायला उठला.

नकाशावर त्या शहराला नाव होतं, पण त्यांच्या घरात ते केव्हाच पुसलं गेलं होतं. लेक लग्नानंतर जावयाबरोबर तिकडे गेली आणि ते लेकीचं गाव झालं. लेकीच्या गावी आज बर्फ पडलंय, लेकीच्या गावी आत्ता पहाट असेल, असं बायको स्वयंपाकघरातून ओरडून सांगे. एवढं बोलण्यातलं ते गाव, पण तिथे पोचायचं म्हणजे जीव मेटाकुटीला येई. आधी एका कंपनीच्या विमानाने मधल्या मोठ्या विमानतळापर्यंत जायचं. तिथे बॅगा उचलायच्या, परक्या अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं, बाहेर यायचं, बस शोधून दुसऱ्या इमारतीत जायचं, आणि दुसऱ्या कंपनीच्या खिडकीपुढे सगळं पहिल्यापासून. अर्जदार कंपनीचं म्हणणं साधं होतं. मधल्या विमानतळापासून पुढे त्या शहरांकडे एका तिसऱ्याच देशाची विमानं आधीपासून जातात. त्या विमानांवर आम्ही आमचाही नंबर लावतो, म्हणजे तुमच्याकडच्या प्रवाशाचा सगळा प्रवास आमच्या एकाच तिकिटावर होईल. धंद्यातले लोक याला कोड-शेअर म्हणतात. विमान एकाचं, त्यावर नंबर दोघांचे. यात तिसरा देश येतो म्हणून दोन सरकारांच्या करारानुसार आधी परवानगी लागते, आणि परवानगीची वाट त्याच्या टेबलावरून जात होती. एकदा ती मिळाली की बॅग इथे टाकायची, ती थेट लेकीच्या गावी उचलायची. मधे काही नाही. मधे फक्त एका दरवाजातून दुसऱ्या दरवाजात जायचं, आणि तेवढं तर त्याची बायको डोळे मिटून करील.

पाण्याचा ग्लास हातात धरून तो खिडकीशी उभा राहिला. खाली आवारात ड्रायव्हर मंडळी गाड्यांना टेकून गप्पा मारत होती. त्याला तो मधला विमानतळ आठवला. लेकीचं घर बघायला दोघं एकदाच गेले होते, त्याच्या कानाचं ऑपरेशन व्हायच्या आधी. बस कुठून सुटते ते विचारायला तो गेला आणि तिला एका खांबापाशी बॅगांजवळ बसवून गेला. विचारत विचारत तो भलत्याच मजल्यावर पोचला, तिथून परतीचा जिना सापडेना. बऱ्याच वेळाने घामाघूम होऊन परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. सगळ्या बॅगांच्या पट्ट्या तिने दंडात अडकवल्या होत्या, पर्स पोटाशी धरली होती आणि ओठ इतके घट्ट मिटले होते, की हे तोंड आता उघडायला लावायचं कसं, असं त्याला वाटलं. “तुम्ही आला नसतात तर मी इथेच राहिले असते,” ती म्हणाली. “मला इथून कोणीही हलवू शकलं नसतं.” मग स्वतःच हसायला लागली. विमानात मात्र तिने त्याचा हात सोडला नाही, आणि जेवण आलं तरी डाव्या हाताने जेवली. आता तो हात धरायला तो बरोबर जाऊ शकणार नव्हता. कानाच्या पडद्याचं काम करून झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, विमानाचं नाव काढू नका. सगळी हयात विमानांना वाट करून देण्यात गेलेल्या माणसाला विमानात चढायची बंदी! खात्यात या गोष्टीवर पुष्कळ दिवस हशा पिकला होता आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला होता.

आणि आता लेकीला दिवस गेले होते. फोनवर ती म्हणाली, “आई, तू उगाच धडपडत येऊ नकोस हं. इथे सगळं असतं. नर्स घरी येते, डॉक्टर चांगली आहे, हाही रजा घेणार आहे. मी मॅनेज करीन.” एवढं बोलून ती जराशी थांबली. बायकोने ते थांबणं ऐकलं की नाही कोण जाणे, पण त्याने ऐकलं. लहानपणी चपलांच्या दुकानात हीच पोरगी ‘मला आहेत त्या ठीक आहेत’ म्हणायची आणि नजर मात्र काचेतल्या लाल सँडलवर. हवं ते मागायचं नाही, हवंसं वाटलं की आधी स्वतःलाच दटावायचं, हा गुण तिने त्याच्याकडून उचलला होता. गुण म्हणावा की खोड, ते बायकोने केव्हाच ठरवून टाकलं होतं. “बापलेक दोघं एका माळेचे मणी,” ती म्हणे. “पोट भरलंय म्हणतील आणि भांड्याकडे बघत बसतील.” फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ भाजी निवडत राहिली आणि मग खाली मान घालूनच म्हणाली, “मला जायचंय हो. पण तो मधला विमानतळ आठवला की नको वाटतं बघा.”

त्याचा बाप शिक्षक होता आणि एक वर्ष त्याच्याच वर्गाला गणित शिकवायला होता. त्या वर्षी त्याचा पेपर बिनचूक होता. तरीही बापाने दोन मार्क कापले. शेवटच्या उदाहरणाखाली रेघ वाकडी मारली आहेस, म्हणून. वर्गातल्या अर्ध्याअधिक पोरांच्या रेघा वाकड्या होत्या आणि कोणाचं काही कापलं गेलं नव्हतं. घरी आईने कडाकडा बोटं मोडली. बाप म्हणाला, माझा मुलगा आहे, उद्या लोक बोट दाखवतील. गंमत अशी, की त्याला स्वतःला वाईट वाटलंच नाही. उलट ते गेलेले दोन मार्क तो कितीतरी दिवस मनात मिरवत राहिला. मिळालेल्या मार्कांपेक्षा कापलेले मार्क त्याला जास्त आपले वाटायचे. बाप आपल्यावर किती जीव टाकतो हे त्याला त्या वाकड्या रेघेवरून कळलं होतं. हे कोणाला समजावून सांगायची सोय नव्हती. बायकोला एकदा सांगून पाहिलं, तर ती म्हणाली, “तुमच्या घरातल्यांना सरळ लाड करता येत नव्हते का?”

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. भडक टाय घालून यायचा म्हणून खात्यात त्याचं नावच टायवाला पडलं होतं. आज टायवर पिवळे पोपट होते. “साहेब, एक विनंती,” तो खुर्चीच्या टोकावर बसत म्हणाला. “हंगामाचं वेळापत्रक बदलतं त्याच्या आत हे झालं तर फार बरं होईल. एकदा का तारीख हुकली, की आमच्या हेड ऑफिसचा खाक्या तुम्हाला माहीतच आहे. मग डायरेक्ट पुढचं वेळापत्रक. सहा महिने गेलेच.” “बघू,” तो म्हणाला. हे त्याचं नेहमीचं उत्तर होतं. टायवाला गेल्यावर तो पोपटांचा विचार करत बसला, कारण पोपटांचा विचार करणं सोपं होतं. वेळेत झालं तर बाळंतपणाच्या महिनाभर आधी एकाच तिकिटावर बायको जाईल. तिने पर्स पोटाशी न धरता खिडकीबाहेर बघावं, जेवण उजव्या हाताने जेवावं. हे चित्र त्याला इतकं स्पष्ट दिसलं, की त्याने दचकून इकडेतिकडे पाहिलं. ऑफिसच्या वेळात, ऑफिसच्या खुर्चीत बसून, सरकारी कागदावर हात ठेवून आपण हे काय करतोय?

अर्जात एकच उणीव होती आणि ती सगळ्यांच्याच अर्जांत असते. प्रत्यक्ष विमान कोणाचं आहे ते प्रवाशाला तिकिटावर स्पष्ट सांगायला हवं, आणि कंपन्या ते मुंगीच्या अक्षरात छापतात. नमुन्याच्या तिकिटावर यांनीही तेच केलं होतं. अशा वेळी तो एक ठरलेली ओळ लिहीत असे, ठळक छापण्याच्या अटीवर मान्यता देण्यास हरकत नाही. ही ओळ त्याच्या हाताला इतकी पाठ होती, की डोकं लागतच नसे. या वेळी हात ‘अटीवर’पर्यंत गेला आणि थांबला. तुला हवंय म्हणून सोडतोयस, आतून कोणीतरी म्हणालं. त्याने स्वतःला समजावून पाहिलं. इतरांना नाही का सोडलं? सोडलं, पण तेव्हा तुला काही नको होतं. मग ज्यांची शेवटची सही लागते त्या वरच्या मॅडमना सांगावं का, की या अर्जात माझा संबंध आहे, तो दुसऱ्या कोणाकडे द्या? मॅडम विचारतील, काय संबंध? शेअर आहेत कंपनीचे? नातेवाईक नोकरीला आहे? आणि तो काय सांगणार, की माझ्या बायकोला बॅगा उचलाव्या लागणार नाहीत? सगळा मजला हसला असता. त्याने ती ओळ खोडली. सुधारित नमुना मुख्य कार्यालयाच्या सहीने सादर करावा, त्यानंतर विचार करता येईल, असं लिहिलं आणि कागद परत पाठवला. लिहून झाल्यावर त्याला फार बरं वाटलं. ऊन असतानाही चालत घरी गेला. वाटेत बायकोसाठी मोगऱ्याचं रोपही घेतलं, कशासाठी ते त्याला सांगता आलं नसतं.

हे बरं वाटणं चार दिवससुद्धा टिकलं नाही. टायवाल्याचं मुख्य कार्यालय दूरच्या देशात होतं आणि तिथे सहीला माणूस रजेवर होता. मग रजेवरून आला, मग कोणत्यातरी बैठकीला गेला. टायवाला रोज फोन करी, रोज माफी मागे, आणि रोज त्याला वाटे की माफी आपण मागायला हवी. दर सकाळी तो आधी आलेल्या टपालाचा गठ्ठा चाळी. शेजारच्या बाई म्हणाल्या, “हल्ली टपालाची एवढी वाट बघताय ती?” त्याने गठ्ठा बाजूला सारला. घरी बायको भिंतीवरच्या कॅलेंडरापाशी उभी राहून बोटांवर हिशेब करी आणि त्याला विचारी, “तुमच्या खात्यात काही नवीन येतंय का हो त्या बाजूला? एखादं सरळ विमान वगैरे?” ती सहज विचारी, जसं कोणी ‘येताना पाव आणलात का’ विचारावं. तो म्हणे, “बघू.” पहिल्यांदाच त्याला आपलं हे उत्तर ऐकवेना. अखेर सुधारित नमुना आला, अक्षरं ठळक, सही झोकदार, आणि वेळापत्रकाची तारीख उलटून गेलेली. त्याने मान्यतेची शिफारस केली. मॅडमनी सही करायला पेन उघडलं, मागची पानं उलटली आणि विचारलं, “हे अट घालून तेव्हाच मिटलं नसतं का?” “मिटलं असतं.” “मग?” “म्हटलं, पक्कं असावं.” मॅडमनी सही केली. परवानगी मिळाली, पुढच्या वेळापत्रकापासून.

त्याच आठवड्यात बायकोने आपण होऊन निर्णय घेतला. “जुन्याच रस्त्याने जाते,” ती म्हणाली. “जगातल्या बायका जातात. मला काय धाड भरलीय? दीड-दोन महिने राहीन आणि परत येईन. तुम्ही मला फक्त नीट शिकवा.” तिकीट काढलं, दोन कंपन्यांची दोन तिकिटं, आणि रविवारी दुपारी घरातच तालीम सुरू झाली. बाहेरची खोली हा आपला विमानतळ, स्वयंपाकघर म्हणजे तो मधला मोठा विमानतळ, बोळ ही तिथली बस आणि मागची खोली हे लेकीचं गाव. बॅगांना वजन हवं म्हणून त्याने आपली जुनी मासिकं कोंबली होती. तो जेवणाच्या टेबलामागे अधिकारी होऊन बसला. पहिल्या फेरीला दोघांनाही हसू आवरेना. “असं हसू नका,” तो म्हणाला, “तिथला माणूस हसत नाही.” “तुम्ही तरी ऑफिसात कुठे हसता?” ती म्हणाली आणि पुन्हा बॅगा ओढत बोळात गेली. दुसऱ्या फेरीला ती खरंच प्रवासाला निघाल्यासारखी आली, पदर खोचलेला, कागद हातात, कपाळावर आठ्या. तिचा तो चेहरा बघून त्याला मधल्या विमानतळावरचा खांब आठवला, आणि ज्या दंडात तिने पट्ट्या अडकवल्या होत्या तो दंड. ही बाई आपल्या भरवशावर इतकी वर्षं कुठेकुठे आली आहे, असं त्याच्या मनात आलं.

“कशासाठी आलात?” त्याने विचारलं.

“मुलीचं बाळंतपण आहे.”

“पुढचं विमान कोणत्या कंपनीचं? तिकीट दाखवा.”

तिने एक कागद पुढे केला. “हे आलात त्या विमानाचं,” तो म्हणाला. “पुढचं दाखवा.” तिने दुसरा काढला, तो विम्याचा निघाला. तिसरा काढताना सगळेच हातातून सुटले आणि फरशीभर झाले. ती वाकली, एक-दोन गोळा केले, आणि मग गोळा करणंच सोडून बॅगेवर मटकन बसली. नळ टपटपत होता. “नाही जमायचं मला,” ती म्हणाली. “खरंच सांगते. इथे, माझ्या स्वतःच्या ओट्यापुढे माझी ही गत, तर तिथे काय होईल? तिकिटं परत करा. लेकीला कळवा, आई येत नाही म्हणून. ती काही म्हणणार नाही. तिला सवय आहे काही न म्हणायची.”

तो टेबलामागून उठला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला, त्या पसरलेल्या कागदांत. गुडघा कुरकुरला. “एकच तिकीट झालं असतं,” तो म्हणाला. “बॅगा थेट गेल्या असत्या. अर्ज आला होता. माझ्याचकडे होता.” आणि मग त्याने सगळं सांगितलं, टुणकन उडालं तिथपासून मॅडमच्या सहीपर्यंत. सांगताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. एक कागद उचलून त्याची घडी घालत आणि उलगडत राहिला.

“माझं नाव होतं त्या अर्जात?” तिने विचारलं.

“नाही.”

“लेकीचं?”

“नाही. गावाचं होतं.”

“मग तुमचा संबंध कुठे आला?”

“मला बरं वाटलं ना वाचून,” तो म्हणाला. “फार बरं वाटलं.”

“म्हणून थांबवलंत.”

“हो.”

“आणि दुसऱ्या कोणाची बायको जायची असती तर?”

“तर त्याच दिवशी सोडलं असतं. अट घालून.”

“अहो, मग एक दिवस मला दुसऱ्या कोणाची बायको समजायचं होतंत!” ती ओरडली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्याला वाटलं, आता ही उठून जाईल, महिनाभर बोलणार नाही, आणि बरोबरच आहे तिचं. पण रडता रडता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले आणि त्याच्या ध्यानात आलं की ती हसते आहे. रडते आहे आणि हसतेही आहे, आणि दोन्हींना कारण तोच आहे. “लोकांचे नवरे बायकोसाठी नियम वाकवतात,” ती नाक पुसत म्हणाली. “आणि माझ्या नशिबी हा! माझं नाव निघालं की याचा नियम ताठ उभा राहतो.” “माझं चुकलं,” तो म्हणाला. “मला तुझ्यासाठी फार हवं होतं. इतकं हवं होतं, की मला त्याचीच भीती वाटली.” असं मन उघडं करून तो तिच्याशी आयुष्यात बोलला नव्हता. तिनेही ते ऐकलं, आणि त्याच्या हातातला चुरगळलेला कागद काढून घेतला. मांडीवर ठेवून तळव्याने सरळ केला. तेच पुढचं तिकीट होतं.

मग ती उठली. पदर पुन्हा खोचला, कागद गोळा केले, क्रमाने लावले आणि बॅगेचा दांडा असा काही धरला, की त्या मधल्या विमानतळाची आता धडगत नव्हती. राग आला की तिला कसलीच भीती वाटत नसे, हे त्याच्या इतकी वर्षं कसं ध्यानात आलं नाही? “बसा तिकडे जागेवर,” ती म्हणाली. “विचारा काय विचारायचं ते.” तो उठून टेबलामागे बसला. त्याने विचारलं आणि तिने सांगितलं. कुठून आलात, कोणाकडे, पुढचं विमान कोणाचं, बस कुठून. एकाही उत्तराला ती अडखळली नाही. ती जाणार, हे आता ठरलंच होतं. त्याचा जीव भांड्यात पडला आणि लगेच दुसरीच कळ उठली. दीड-दोन महिने संध्याकाळी या घराचं कुलूप त्यालाच उघडायचं होतं, आणि आत कोणी ओरडून सांगणार नव्हतं की लेकीच्या गावी आत्ता काय वाजले असतील. आता एकच प्रश्न उरला होता.

“परत कधी जाणार?” त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं अधिकाऱ्याकडे पाहणं नव्हतं. “येताना मी एकाच तिकिटावर येणार,” ती म्हणाली. “बॅगा तिकडे टाकीन आणि इथे उचलीन. तुम्ही परवानगी दिलीत ना, त्याच रस्त्याने.”

“अगं, पण तो पुढच्या वेळापत्रकापासून आहे.”

“मग पुढच्या वेळापत्रकापासून येईन. तोवर नातवंड रांगायला लागेल.”

हिशेब करायची गरजच नव्हती, टायवाल्याने तो कधीच सांगून ठेवला होता, सहा महिने. “याला माझी हरकत आहे,” तो म्हणाला, आणि आवाज इतका कापरा निघाला की त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“लेखी द्या,” ती बॅग ओढत बोळाकडे वळली. “सवडीने उत्तर देईन.”